जुनेराची कुंची

या, असे पुढं सरका. दाराशी नका बसू, तिथून नदीचं वारं थेट पाठीवर येतं. बुवांना यायला अजून अवकाश आहे, पेटीवाल्यांचा सूर अजून लागायचाय, तोवर तुम्हाला एका कुंचीची गोष्ट सांगते. फार मोठी नाही, पहिला टाळ वाजायच्या आत होईल. तुम्ही आत्ता त्या खांबाजवळ बसणार होता आणि मी तुम्हाला हाताला धरून उठवलं, त्याचा राग आला असेल. साहजिक आहे. ऐकून घ्या, मग सांगा राहिला का.

आपल्या चिखलीत, नदीकडच्या अंगाला, वर्कशॉपांच्या पत्र्याच्या शेडमागं एक दुमजली चाळ आहे. वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत योगिनी राहते. माहेर उदगीरकडचं, सासरही तिकडचंच. नवरा ज्योतीराम चाकणला फिटर होता. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि कंपनीनं त्याला दीड वर्षासाठी गुजरातच्या प्लांटवर धाडलं. योगिनीसुद्धा चाकणच्याच एका कंपनीत, गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर. बाळंतपणाची रजा संपली आणि तिला पहिली शिफ्ट लागली. ही मागच्या डिसेंबरची गोष्ट.

कंपनीची बस सहाला चौकात येते. त्याआधी सात महिन्यांच्या समर्थला कुसुमताईंच्या पाळणाघरात सोडायचं. खोलीपासून पाळणाघर चालत वीस मिनिटं. त्या वेळेला रिक्षा नाही, रस्त्यावर माणूस नाही. एका बाजूला बंद शेड, दुसऱ्या बाजूला मोकळे प्लॉट आणि त्यांच्या पलीकडून धुकं सोडणारी इंद्रायणी. तो वीस मिनिटांचा रस्ता तिला रोज पार करायचा होता, लेकरू उराशी घेऊन.

चाळीत तिला कुणी ओळखत नव्हतं असं नाही. "वरची, बाळवाली" एवढी ओळख होती. बसमध्ये सगळ्या डोळे मिटून नाहीतर कानात वायर घालून. परत येईतो पाच वाजायचे. मग भांडी, लंगोट, आणि मोबाइलवर ज्योतीरामचा चेहरा. बाळाला थंडीत कसं न्यायचं हे विचारायला घरात मोठं माणूस नव्हतं, म्हणून तिनं मोबाइललाच विचारलं. मोबाइलनं तिला बर्फात उभी राहिलेली एक गोरी बाई दाखवली. ती बाई सांगत होती, थरावर थर चढवा. आपल्याकडं कुठला बर्फ? पण योगिनीनं मनावर घेतलं.

आतून झबलं, वर दोन स्वेटर, नणंदेनं घरपोच मागवून दिलेला अस्वलाचे कान असलेला फुगीर सूट, कानटोपी, हातमोजे, आणि या सगळ्यावर कंपनीनं दिवाळीला दिलेलं ब्लँकेट. ते ब्लँकेट तुम्हीही पाहिलं असेल, गुलाबाच्या फुलांचं, गुळगुळीत, हातात घेतलं की घसरणारं. निम्म्या चिखलीच्या खाटांवर तेच आहे. त्यात लेकराचं गाठोडं करायची, तोंडावर एक पदर ओढायची आणि झपाझपा निघायची.

आठ दिवसांत समर्थला खोकला झाला. मग छातीत कफ. मग एका रविवारी श्वास असा शिट्टीसारखा वाजायला लागला की ती अनवाणी दवाखान्यात पळाली. डॉक्टरांनी वाफ दिली, औषध दिलं. रांग मोठी होती. म्हणाले, "थंडीत बाहेर काढू नका. पुन्हा असं झालं तर ॲडमिट करावं लागेल." त्यांचं चुकलं असंही नाही. पण बाहेर काढायचं नाही म्हणजे काय करायचं, हे कागदावर लिहून मिळत नाही.

त्या संध्याकाळी ज्योतीराम फोनवर म्हणाला, "योगिनी, त्याला गावाकडं ठेवू. आई सांभाळील. तिथं घरात चूल असते, ऊब असते."

"अंगावर पितंय हो लेकरू अजून."

"वरचं दूध चालू करू. तुझी नोकरी सुटली तर घरभाडं कसं निघायचं? आणि काही बरंवाईट झालं तर? मी संक्रांतीला येतो. तोवर खोकला राहिला तर घेऊन जातो. राहिला नाही तर बघू."

ती हो म्हणाली. काय म्हणणार? संक्रांत साडेतीन आठवड्यांवर होती. दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक स्वेटर चढवला.

आता शालनबाई. खाली जिन्याला लागून पहिली खोली त्यांची. सत्तरी ओलांडलेली, मूळच्या खेडकडच्या, डोळ्यांत मोतीबिंदू. पहाटे उठून दारात बसायची सवय. दिसायचं धूसर, पण कान असे की बुवांनी अभंगाचं एक अक्षर गाळलं तर मान वर व्हायची. वरच्या लेकराचा खोकला त्या पंधरा दिवस ऐकत होत्या. कुठला खोकला कोरडा, कुठला घशातला, कुठला खालून छातीतून येतो, सगळं ऐकत होत्या. बोलल्या नव्हत्या. आजकालच्या पोरींना सांगायला गेलं तर राग येतो, हे त्यांच्या लेकीनंच त्यांना शिकवलेलं.

त्या सकाळी मात्र योगिनी जिना उतरताना ब्लँकेट घसरलं. पोर वाचलं, ब्लँकेट पायरीवर पडलं. शालनबाईंनी ते चाचपडत उचललं आणि हसत म्हणाल्या, "काय गं ए, लेकरू हाय का गादीवाल्याकडं न्यायचं गाठोडं?"

योगिनीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. शालनबाईंना ते दिसलं नाही, पण नाक ओढलेलं ऐकू आलं.

"रडू नगं. आण हिकडं." त्यांनी सरळ लेकराच्या मानेमागून कपड्यांच्या आत हात घातला. पुढं त्यांनी स्वतः मला सांगितलं, बाई, हात असा ओला झाला की जणू वाटीत बुडवला. "अगं पोरी, ह्यो आतून भिजलाय की! घामानं थबथबलाय. तू रस्ताभर उकडतीस त्याला, आन् तिथं पाळणाघरात नेलं की सगळं काढत्यात. मग गार वारं त्या घामावर बसतं. खोकंल न्हाई तर काय करंल?"

"पण त्याचे हात किती गार असतात, मावशी."

"हात गारच असत्यात लहान लेकरांचं. हाताला इचारू नगं, मानंला इचार. मान कोरडी आन् कोमट, तर लेकरू बरं. मान घामेजली तर एक काढ, गार लागली तर एक घाल. अन् तोंड झाकू नगं. नाकाला वाट पायजे."

बसची वेळ होत होती. योगिनीनं तिथंच जिन्यावर अस्वलाचा सूट काढला, एक स्वेटर काढला. शालनबाई मधेच म्हणाल्या, "कुंची कुठंय ह्याची?"

"नाही."

"न्हाई म्हंजे? बारशाला आत्यानं कुंची आणली न्हाई?"

"हा सूट आणला ना. कानवाला."

"हां," शालनबाई म्हणाल्या. "अस्वलाची आत्या असंल."

महिन्याभरात पहिल्यांदा योगिनी हसली. ते हसू आणि लेकरू घेऊन ती धावत सुटली.

कुंची म्हणजे काय ते नव्या मुलींना सांगावं लागतं. टोपीच, पण मागून पाठीवरून थेट गुडघ्यापर्यंत झूल सोडलेली, हनुवटीखाली बंद बांधायचे. वारं येतं ते मानेतून, आणि कुंची ती वाटच बुजवते. पण ती नव्या कापडाची शिवत नाहीत. नवं कापड कडक, ते लेकराला टोचतं, घाम पीत नाही. कुंची जुनेराची हवी. वर्षानुवर्षं धुतलेलं, मऊ सायीसारखं झालेलं, घरातल्या थोर माणसाच्या अंगावरचं. त्या माणसाचं आयुष्य लेकराला लागतं म्हणतात. लागो न लागो, ऊब नक्की लागते.

योगिनीच्या खोलीत जुनं काही नव्हतंच. लग्नातल्या चार साड्या, त्याही घसरणाऱ्या. जुनेर असायला घर जुनं लागतं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा शालनबाई दारात सतरंजी टाकून बसल्या होत्या. पुढ्यात पांढरं धुवट कापड, त्याच्या कडेला त्यांच्याच एका जुन्या लुगड्याचे हिरवे काठ. कातर चालवून झाली होती. "डोळं न्हाईत मला," त्या म्हणाल्या, "पण हात हाईत. सुई तेवढी तू ओवून दे."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. योगिनी पाच वाजता यायची, समर्थला शालनबाईंच्या मांडीवर द्यायची आणि दहा सुया ओवून भिंतीवरच्या कॅलेंडरला ओळीनं टोचून ठेवायची. दुसऱ्या दिवशी शालनबाई एकेक सुई काढून शिवत बसायच्या. दोरा संपला की सुई खालच्या ओळीत. संध्याकाळी योगिनी पुन्हा दहा ओवायची. एकदा शालनबाईंनी माप चुकवलं आणि टोपी एवढीशी झाली, नारळावर बसेल एवढी. "आता ही अस्वलाला घाल," म्हणाल्या आणि उसवायला बसल्या. दिसत नसताना उसवणं शिवण्याहून अवघड. दोन दिवस गेले त्यात. योगिनी मोजत होती, संक्रांतीला किती राहिले.

कुंची झाली, आणि त्याच कापडाचं चार पदरी दुपटंही झालं. शालनबाईंनी तिला बाळ बांधायची रीतही दाखवली. अंगात एक झबलं, एक स्वेटर, वर कुंची. दुपट्यानं पोर आपल्या छातीशी बांधायचं, आणि त्यावरून आपला स्वेटर दोघांना मिळून. "तुझ्या अंगाची ऊब हाय तोवर कंपनीचं ब्लँकेट कशाला?" पाळणाघरात पोचलं की आधी कुंची सोडायची, मग थोड्या वेळानं स्वेटर, एकदम सगळं नाही. योगिनीनं हे कुसुमताईंना सांगितलं. कुसुमताईंकडं सकाळी अकरा लेकरं एकदम येतात आणि हात दोनच, पण त्या म्हणाल्या, "लक्षात ठेवते. माझ्या आईचं असंच होतं बाई, मानेला हात." खोकला चार दिवसांत उतरला. मग दोन दिवस आलाच नाही. मग एके सकाळी परत एकदा आला, आणि योगिनी दिवसभर लाइनवर वायरीऐवजी तो खोकलाच ऐकत राहिली.

संक्रांतीच्या आधीच्या एकादशीला शालनबाई तिला म्हणाल्या, "आज कीर्तनाला चल. घरात बसून किती दिस मोजशील?"

आता इथं आपल्या देवळाची एक गोष्ट सांगायला हवी. शालनबाईंचे मालक खंडूबुवा. भोसरीत लेथवर आयुष्य काढलं, आणि एकादशीला पांढरंशुभ्र धोतर नेसून इथं टाळकऱ्यांत उभे. ते गेल्याला सात वर्षं झाली. ते गेल्यापासून शालनबाई कीर्तनाला येताना त्यांचं ते धोतर घडी करून पिशवीत आणायच्या आणि आपल्या शेजारी, त्या खांबाजवळ, सतरंजीवर ठेवायच्या. तिथं कुणी बसायचं नाही. नवं माणूस चुकून टेकलं तर आम्ही उठवायचो. नवऱ्याचं नाव त्या घ्यायच्या नाहीत, पण थट्टा करायच्या, "जल्मभर बायकांत बसायला लाजले. आता बघा कसं गुमान बसत्यात." आणि सांगून ठेवलेलं सगळ्यांना, मला न्याल तेव्हा हे धोतर माझ्या अंगावर घाला. दुसरं काही मागत नाही.

त्या एकादशीला योगिनी आली. शालनबाई आधीच येऊन बसलेल्या. खांबाजवळची जागा मोकळी दिसली, आज तिथं धोतरही नव्हतं, पोर उराशी बांधलेलं, तिनं वाकून बसायला घेतलं. मी मागच्या रांगेत होते. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "अहो, तिथं नका बसू. ती खंडूबुवांची जागा."

ती दचकून अर्धवट उभी राहिली. शालनबाईंनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "बसू दे तिला. ज्यांची जागा हाय ते आलेत की तिच्याकडंच."

मला क्षणभर कळलं नाही. मग मी कुंचीकडं पाहिलं. पांढरं धुवट कापड, हिरवे काठ. योगिनीनंही पाहिलं. ती एकदम खाली बसली.

"मावशी, तुम्ही मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"नाही."

"मग? गप बस. वीणेकरी उभं राहिलं."

त्या दिवशी बुवांनी कशावर निरूपण केलं ते मला आठवत नाही. आणि मी आजवर एकही निरूपण विसरलेले नाही, विचारा कुणालाही. मी त्या तिघांकडं बघत बसले होते. टाळ वाजायला लागले तसा समर्थ जागा झाला. रडला नाही. कुंचीतून तेवढं तोंड बाहेर, डोळे टाळकऱ्यांवर. शालनबाईंनी न बघता हात पुढं केला, त्याच्या मानेमागं घातला, आणि गजर संपेपर्यंत तो तिथंच ठेवला.

भोगीच्या संध्याकाळी ज्योतीराम आला. पिशवी घेऊनच आला होता. उदगीरला आईनं पाळणा बांधून ठेवला होता, दुधासाठी शेजारणीची गाय सांगून ठेवली होती. योगिनीनं भांडण केलं नाही. एवढंच म्हणाली, "सकाळी माझ्याबरोबर पाळणाघरापर्यंत चला. मग ठरवा."

सकाळी धुकं असं होतं की शेडवरचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. ज्योतीराम जाकिटाच्या खिशात हात घालून कुडकुडत होता. गुजरातमध्ये राहून थंडी विसरला होता बिचारा. मोकळ्या प्लॉटपाशी वारं आलं तसा तो म्हणाला, "अगं, झाक त्याचं तोंड."

"तोंड नाही झाकायचं. मानेला हात लावून बघा."

त्यानं हात आधी स्वतःच्या काखेत गरम केला. मग चालता चालता तिच्या स्वेटरात, कुंचीखाली घातला. कोरडी मान. भाकरी तव्यावरून काढून थोडा वेळ झाल्यावर असते तेवढी कोमट. लेकरू गाढ झोपलेलं. त्यानं हात लगेच काढला नाही, त्यामुळं दोघांना जरा वाकडंच चालावं लागलं. समर्थला पाळणाघरात सोडून चौकात आले, बसचा दिवा दिसला तेव्हा त्यानं विचारलं, "इथली थंडी कधीपर्यंत असते?"

"शिवरात्रीपर्यंत."

"मग शिवरात्रीपर्यंत रोज सकाळी मला फोन कर. मान कशी आहे ते सांग."

तो दोन दिवसांनी परत गेला, एकटाच. पिशवीतलं बाळाचं सामान खोलीत काढून ठेवलं आणि रिकामी पिशवी घडी करून नेली. योगिनी सांगत होती, जाताना त्यानं कुंचीचा वास घेतला. तिला हसू आलं, आणि तो गेल्यावर तिनंही घेतला.

हिवाळा गेला. समर्थ आजारी पडला नाही. रोज पावणेसहाला फोन व्हायचा, "कोरडी आहे," एवढाच.

शालनबाई भादव्यात गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. राजगुरुनगरहून लेक आली. योगिनी कामावर होती, निरोप मिळाला तशी गेटवरून मिळेल त्या टेम्पोनं आली. वर जाऊन कुंची घेऊन आली आणि लेकीपुढं धरली. म्हणाली, "हे त्यांचं धोतर आहे. त्यांना अंगावर हवं होतं. उसवून देते मी."

लेकीनं कुंची हातात घेतली, उलटी करून आतले टाके पाहिले. वाकडे, एकावर एक चढलेले. आईला किती कमी दिसत होतं हे तिला बहुधा तेव्हा कळलं. मग ती योगिनीला परत देत म्हणाली, "लेकराच्या अंगावरचं काढून मेलेल्या माणसाला घालत नाहीत. आईच म्हणाली असती."

खोली रिकामी केली तेव्हा भिंतीवर कॅलेंडर राहिलं. मागच्या वर्षाचंच, डिसेंबरचं पान. त्यावर एका ओळीत सहा सुया, पांढरा दोरा ओवलेल्या. कुंची पुरी होऊन उरलेल्या. योगिनीनं ते पान तसंच काढून नेलं. तिच्या खोलीत आहे. मी पाहिलंय.

आता तर खालच्या खोलीला कुलूप आहे. पहाटे जिना उतरताना तिथं कुणी बसलेलं नसतं, तरी ती शेवटच्या पायरीवर थांबते, पोराच्या मानेमागं हात घालते आणि मग निघते. ज्योतीराम अजून गुजरातलाच, परतायला दोन महिने आहेत. समर्थ दीड वर्षाचा झाला, कुंचीत मावत नाही. म्हणून एकादशीला ती कुंची घडी करून आणते आणि खांबाजवळ सतरंजीवर ठेवते. ती बघा, पांढरी, हिरव्या काठाची. तुम्ही त्यावरच बसणार होता.

ती आत्ता पोराचे हात धुवायला नळावर गेलीय. आली की तिला जरा जागा द्या, आणि कुंचीला हात नका लावू. बुवा आले, टाळ उचलले. एवढंच मागते तुमच्याकडं. पहाटे कुणी बाई लेकरू घेऊन चाललेली दिसली, एकटी, घाईत, तर तिला म्हणा, मानेला हात लावून बघ गं. आणि म्हणताना आमच्या शालनबाईंची आठवण काढा.